धाकटीचा श्वास

सोमवार, ३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! तीन डाग सामान, त्यातला एक नुसता अवजारांचा आणि मातीचा. टॅक्सीवाल्यानं तो उचलताना आत दगड भरलेत का म्हणून विचारलं. दगड नाहीत, माती आहे, असं सांगितल्यावर तो अगदी आईसारखा माझ्याकडे बघायला लागला. आई गेली आठ वर्षं तसंच बघतेय. चांगली शिकलीसवरलेली मुलगी, आणि दिवसभर बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत केसभर हलवायचा, हे हिचं काम!

जागा बघून मात्र मी खूश झाले. पूर्वी हा बाईंच्या, म्हणजे ज्यांच्या चित्रपटासाठी मी आलेय त्यांच्या, वडिलांचा धुलाईचा कारखाना होता. हॉटेलांच्या चादरी नि दवाखान्यांचे पडदे इथे धुवायला यायचे. आता मशिनं गेली आणि लांबलचक हॉल उरला. खिडक्यांना आतून काळं कापड ठोकलंय, कारण बाहेरची उन्हाची तिरीप आत आली की आमच्या दिवसभराच्या कामाचे बारा वाजतात. मधोमध कमरेइतकं उंच टेबल आणि त्यावर सेट. माझी खोली वर आहे, सव्वीस पायऱ्यांवर. खिडकीतून बेकरीचं धुराडं दिसतं आणि पहाटे वास फुकट मिळतो.

बाई सत्तरीपुढच्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, अंगात काळा सदरा. आमच्या धंद्यात काळंच घालावं लागतं, नाहीतर कपड्यांचा रंग बाहुल्यांच्या अंगावर उमटतो. त्यांचे हात थरथरतात. त्यांनी ते लपवले नाहीत, उलट टेबलावर माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या की, म्हणूनच तुला बोलावलं.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आज बाईंनी चित्रपट दाखवला. दहा मिनिटांचा आहे. त्यातली शेवटची चाळीस सेकंदं सोडली तर बाकी सगळा तयार आहे. पण तयार व्हायला अकरा वर्षं लागली म्हणे.

गोष्ट साधी. तीन भावंडं अंगणात लपंडाव खेळताहेत. मोठा, मधली आणि धाकटी. धाकटी असेल चारेक वर्षांची. ती चादरींच्या मोठ्या लाकडी पेटीत लपते आणि तिथेच तिला झोप लागते. मग स्वप्न. चादरींचा समुद्र होतो, उशीच्या अभ्र्यांचे पक्षी होतात. त्या समुद्राला मी चक्क रडले. इतकं हळुवार काम मी पाहिलं नव्हतं. शेवटी तिला जाग येते, ती झाकण ढकलते आणि पेटीच्या काठावर बसून हसते. संपलं. जागं होण्यापासून हसण्यापर्यंतचं तेवढं मी करायचं.

बाहुल्या बाईंच्या थोरल्या भावानं केलेल्या. तो आठ वर्षांपूर्वी वारला. धाकटी वीतभर उंच आहे. आत तारेचा सांगाडा आणि वर तेलातली माती, म्हणजे कधीच न वाळणारी. डोळे काचेचे, टाचणीच्या डोक्याएवढे. हातात घेतली तेव्हा वाटलं, कुणीतरी नुकतीच खाली ठेवलीय. कोमट होती. दिव्यांखाली होती, म्हणून असेल.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

तीन दिवस नुसता हात बसवतेय. बाहुलीचा सांगाडा कुठे अडतो, कुठे सैल आहे, हे कळल्याशिवाय खरं चित्रण सुरू करू नये.

सेट सुतारकाकांनी बांधलाय. ते रोज सकाळी येतात, काही तुटलंफुटलं असेल तर बघतात आणि चहा पिऊन जातात. भलते बोलघेवडे आहेत. सेट म्हणजे याच कारखान्याचं अंगण आहे हे त्यांनीच दाखवलं. नळ, दोऱ्या, फरशीतली भेग, पेटीची कडीसुद्धा, सगळं हुबेहूब. पेटीची पुढची फळी तेवढी सध्या काढून ठेवलीय, म्हणजे कॅमेऱ्याला आतलं दिसतं.

काका म्हणाले की मी सहावी. आधीचे पाच जण याच चाळीस सेकंदांवर अडले आणि सोडून गेले. मी विचारलं, बाई इतक्या खडूस आहेत? काकांनी कप विसळला आणि म्हणाले की बाई खडूस असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, १० ऑक्टोबर

श्रीगणेशा झाला. एका सेकंदाला बारा वेळा बाहुली हलवायची, म्हणजे दिवसाकाठी तीन सेकंदं झाली तरी डोक्यावरून पाणी. आज छत्तीस हालचाली झाल्या. धाकटी झोपलीय आणि फटीतून येणारा उजेड तिच्या गालावर सरकतोय. तिला हलवायचं नव्हतंच, फक्त उजेड सरकवायचा होता.

पाच वाजता तीन सेकंदं चालवून पाहिली. धाकटी श्वास घेत होती.

मी श्वास दिलेला नाही. छातीला हातही लावला नाही. तरी फ्रॉक वर गेला, खाली आला, परत वर जायला लागला. फार सुंदर दिसत होतं, हे कबूल करायला हवं. दिव्यांच्या उष्णतेनं माती जराशी फुगते, बसते, त्यातलाच प्रकार असणार. पुसून परत करते असं मी बाईंना म्हटलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "चांगला खोल आहे."

त्या पडद्याच्या इतक्या जवळ बसल्या होत्या की त्यांच्या नाकाचा ठिपका काचेवर उमटला.

शनिवार, १५ ऑक्टोबर

अठरा सेकंदं पुरी. काम देखणं होतंय, पण मी पार पिळून निघालेय. काल जिना चढताना मध्ये दोनदा थांबले. सव्वीस पायऱ्या! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अंधारात बसून बसून दुसरं काय होणार, जरा उन्हात जा.

एक गोष्ट लिहून ठेवते. सोमवारी धाकटीचा श्वास खोल होता. काल उथळ झाला. आज तीन सेकंदांत जेमतेम अर्धा. बाईंनी तो तुकडा सात वेळा पाहिला आणि मला म्हणाल्या की उद्या सुटी, झोप काढ, पोटभर जेव, नदीवर फिरून ये. मायेनंच म्हणाल्या.

सोमवार, १७ ऑक्टोबर

काल खरोखर नदीवर फिरले, दुपारभर झोपले. आज जिना एका दमात चढले.

आणि आज धाकटीचा श्वासही खोल.

हे मला आवडलेलं नाही.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

आज परीक्षा घेतली. मधलीची बाहुली आणून धाकटीशेजारी त्याच दिव्याखाली ठेवली. माती तीच, उष्णता तीच. शिवाय धाकटीच्या छातीला टेकेल अशी एक बारीक सुई स्टँडवर लावली. बाहुली मागच्या फ्रेममध्ये, म्हणजे मागच्या फोटोत, कुठे होती हे कळायला आम्ही अशी सुई वापरतोच. बारा फ्रेम काढल्या. छाती सुईला चिकटूनच होती, तसूभरही हलली नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.

मग तुकडा चालवला. मधली दगडासारखी पडलेली. धाकटीची छाती सुईपासून मागे गेली आणि पुन्हा पुढे आली.

म्हणजे ती हलते, पण मी बघत असताना नाही. दोन फ्रेमच्या मध्ये. जिथे वेळच नसतो, तिथे.

गुरुवार, २० ऑक्टोबर

दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई बेकरीच्या मागच्या गल्लीत बसतात. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला, फुंकर मारायची नळी दिली. छाती स्वच्छ आहे, म्हणाल्या. मग नळीवरचा आकडा पाहिला आणि परत मारायला सांगितली. आकडा ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा आला.

कुठे काम करता म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी तिथूनच एक जण आला होता म्हणे. उंच, हसरा. त्याचीही छाती स्वच्छ होती.

शनिवार, २२ ऑक्टोबर

सुतारकाकांनी आधी आढेवेढे घेतले आणि मग त्या उंच माणसाचा नंबर दिला. फोन त्याच्या बहिणीनं उचलला. दादाला जास्त बोलवत नाही, दोनच मिनिटं, असं तिनं बजावलं.

तो थांबत थांबत बोलला. पहिला प्रश्न त्यानं असा विचारला की, किती झालंय? मी सांगितलं, छत्तीस सेकंदं. फक्त झाकण उरलंय. मग म्हणाला की तो सदतिसाव्या सेकंदाला थांबला. झाकण दोन बोटं वर आलं होतं. त्याला तीन पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून थांबला. त्यानंतर त्यानं केलेला सगळा भाग चालवून पाहिला तर श्वास कुठेच नव्हता. पहिल्या सेकंदापासून नाही. ती नुसती माती होती. म्हणून दरवेळी सगळं परत पहिल्यापासून करावं लागतं.

"पेटीत हवा नाही ना," तो म्हणाला. "ती आपल्यातली घेते. दुसरं कुठून घेणार बिचारी?"

आणि तो रडायला लागला. स्वतःसाठी नव्हे. मी तिला तिथेच टाकून आलो, असं म्हणत होता. बहिणीनं फोन काढून घेतला.

सोमवार, २४ ऑक्टोबर

बॅग भरली. बाईंना सांगायला गेले. मनात चार कडक शब्द जुळवून ठेवले होते.

बाई अंगणात होत्या, खऱ्या अंगणात, फरशीतल्या भेगेपाशी. मला बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी काही नाकारलं नाही.

त्या तेव्हा आठ वर्षांच्या होत्या, भाऊ दहाचा. लपंडावात भावानं धाकटीला, खऱ्या धाकट्या बहिणीला, पेटीत शिरताना पाहिलं आणि गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. बाई ते बघून हसल्या. तेवढ्यात शेजारच्या घरी कुत्रीला पिल्लं झाली म्हणून कुणीतरी हाक मारली आणि दोघं पळाले. पाच पिल्लं होती. बाईंनी त्यांचे रंगसुद्धा सांगितले. अंधार पडायला लागला तेव्हा आईनं विचारलं, धाकटी कुठेय?

भाऊ आधी धावला आणि त्यानं कडी काढली. मग मोठी माणसं आली. झाकण जड होतं, आपोआप पडलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. कडीचं कुणालाच कळलं नाही. आईबाप गेले तरी नाही.

"तिला बाहेर काढायचंच म्हणून दादानं हा सगळा घाट घातला," बाई म्हणाल्या. "झाकणाचा शॉट तो स्वतः करायला बसला. सकाळी चहा घेऊन गेले, तर टेबलावर डोकं ठेवून बसलेला. मला वाटलं, झोप लागली."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही बसलात?

"भीती वाटली गं," त्या म्हणाल्या. "हात तेव्हा थरथरत नव्हते. ते नंतर सुरू झालं."

पाच माणसं यांनी त्या टेबलाशी बसवली. आणि सहावी मी. चार कडक शब्द तसेच घेऊन वर आले. उद्याची सकाळची गाडी पकडते.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

गाडी गेली. मी गेले नाही.

निरोप म्हणून एकदा शेवटचा तुकडा चालवायचा, असं ठरवून हॉलमध्ये गेले होते. छत्तीस सेकंदं. धाकटी डोळे उघडते, अंधारात हात लांब करून चाचपते. हे मी केलंय. पण मी चालते झाले की ती माती होणार. श्वास आता अगदी वरवर चाललाय. ओठ उघडलेत. ओठ मी उघडले नव्हते.

आईचा फोन आला. आवाज असा का येतोय, विचारलं. सर्दी म्हटलं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

बाईंशी ठरलं. चार सेकंदं, अठ्ठेचाळीस हालचाली. अर्ध्या माझ्या, अर्ध्या त्यांच्या. त्यांच्या वाटच्या त्या स्वतः करणार, हात थरथरोत की तुटोत. मला वाटलं वाद घालतील. त्यांनी मान डोलावली आणि डोळे पुसले.

दोन दिवस विश्रांती. मी उन्हात बसून आहे. दीर्घ श्वास घेतेय, साठवता येतो का ते बघतेय.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

सकाळी साडेदहा. पेटीची पुढची फळी बसवली, दिवे लावले. काका दाराशी बसलेत. हरकत घेऊन घेऊन थकले बिचारे. वही टेबलाच्या कडेला ठेवलीय, मध्ये मध्ये लिहीन.

६. झाकण केसभर वर.

१५. छातीवर कुणी बसल्यासारखं. पण तिची मात्र — तिची छान चाललीय. दर सहा फ्रेमनी चालवून बघतेय.

२०. तिची बोटं फटीतून बाहेर. इवलीशी. मी वाकवली नव्हती इतकी वाकलीत.

२४. माझ्या झाल्या. खुर्चीत टेकलेय. नखं निळी. काकांनी पाणी दिलं. बाई बसल्या.

त्यांचे हात थरथरत नाहीत. आत्ता या क्षणी तरी अजिबात नाहीत.

३१. झाकण अर्धं उघडलं. बाई तिच्याशी बोलताहेत. आलेच, आलेच, असं काहीतरी. पिल्लांबद्दल सांगताहेत —

३९. डोकं बाहेर. बाईंचे ओठ पांढरे. थांबा म्हटलं. ऐकत नाहीत.

४४. बाई पडल्या. काकांनी उचलून अंगणात नेलं. तिथून ओरडून सांगितलं, श्वास आहे, चालू आहे, तूही बाहेर ये पोरी. चारच उरल्यात. चारांसाठी काय —

४६

४७

४८. झालं. पेटीच्या काठावर बसलीय. पाय बाहेर सोडलेत. झालं!

चालवून पाहिलं. झाकण वर जातं. हात, डोकं, खांदे. ती काठावर बसते, हसते आणि श्वास घेते. इतका खोल, इतका मोठा. मी हसत होते बहुतेक. आवाज निघाला नाही.

कॅमेरा बंद केला. पडदा बंद केला. दिवे मालवले, एक सोडून.

तिची छाती हलतेय.

पडद्यावर नाही. टेबलावर. मी बघत असताना.

आता थांबेल. आता थांबायला हवं. बाहेर आलीय ना, हवा आहे ना इथे. सगळा हॉल भरून —

थांबत नाहीये. साठ वर्षांचं घेतेय. तिला कळत नाही, पुरे कधी म्हणायचं. चार वर्षांची आहे.

काकांना हाक — निघत नाही. दार लांब. पाय —

एकच उपाय आहे. बोटानं ढकललं की मागे पेटीत पडेल. वरून झाकण. कडी. एवढंच. दहा वर्षांच्या पोरालाही जमतं.

लावलं बोट. छातीला.

डाव्या हातानं लिहितेय. उजवं बोट तिनं धरलंय. घट्ट नाही. रस्ता ओलांडताना लहान मुलं धरतात तसं. आणि वर बघतेय, माझ्याकडे, मी कुठे नेणार म्हणून —

ढकलायचं. फक्त ढक